अरबीच्या वर्गातली हाक

जालन्यात कुणाला अरबी शिकायची असली की लोक त्याला सांगतात, बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर जा. तो येतो, जिना चढतो, आत कुणी दाढीवाले मौलाना बसले असतील अशा समजुतीने दारातच डोक्यावर रुमाल बांधतो, आणि समोर मी. साडी, चष्मा, मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर. "मॅडम, सर कुठंयत?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की हल्ली मीच आधी सांगून टाकते, सर नाहीत, मीच आहे, बसा.

मी नर्स. उमेदीची वर्षं आखातातल्या एका सरकारी दवाखान्यात काढली. अरबी मी कुठल्या वर्गात शिकले नाही, पेशंटांकडून शिकले. पहिला शब्द शिकले 'वजअ', म्हणजे दुखणं. दुसरा 'मोया', म्हणजे पाणी. या दोन शब्दांवर दवाखान्यात बरेच दिवस निभावून नेता येतं. निवृत्त होऊन घरी आले तर नवरा आधीच गेलेला, मुलगा पुण्यात, आणि गल्लीतली पोरं आखाताला निघालेली. तोंडात अरबीचं अक्षर नाही, खिशात व्हिसा. त्यांतल्या काहींना ओट्यावर बसवून शिकवायला लागले आणि त्या ओट्याचा हा वर्ग झाला. बौद्धाच्या बाईनं मुसलमानाच्या पोरांना अरबी शिकवावी, यावर गावात थोडे विनोद झाले. मी ते अरबीत भाषांतर करून वर्गाला दिले. तेवढाच अभ्यास.

बाहेरच्या माणसाला वाटतं अरबी ही एक भाषा आहे. ती निदान दोन तरी आहे. एक पुस्तकातली, ती सगळीकडे सारखी. दुसरी तोंडातली, ती गावागणिक वेगळी. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी जुबेर, भोकरदनचा, हाफिज. म्हणजे सगळं कुराण तोंडपाठ. पण चहा मागायला सांगितला तेव्हा त्यानं जे वाक्य रचलं ते ऐकून तिथला टपरीवाला किटली खाली ठेवून उभाच राहिला असता. याउलट रोहिदास राठोड. तांड्यावरचा, घरी बंजाऱ्यांची गोरबोली, लहानपण शेळ्यांमागे गेलेलं, मग स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर. त्याला अक्षर नको असे, कान पुरे. आणि शहागडचा एक आचारी होता, तो सगळं मन लावून शिकला आणि तिकडे गेल्यावर आठवड्यात त्याचा फोन आला, की मॅडम इथं सगळे केरळचे आहेत, तुम्ही मला मल्याळम शिकवायला पाहिजे होती.

तर वर्गाला एक भाषा नाही ही आमची अडचण होती. मी तिचीच पद्धत केली. सगळ्यांना गोलात बसवायचं. मी एकाच्या कानात अरबी वाक्य सांगणार. तो शेजाऱ्याला ते दखनी उर्दूत सांगणार, शेजारी पुढच्याला मराठीत, तो त्याच्या पुढच्याला गोरबोलीत किंवा कारखान्यातल्या बिहारी पोरांच्या हिंदीत, आणि शेवटचा माणूस ते पुन्हा अरबीत मोठ्यानं म्हणणार. याला आम्ही साखळी म्हणतो. वाक्य निघालं तसं परत आलं तर साखळी जुळली. नियम एकच, मधल्या माणसानं पाणी घालायचं नाही. आणि घालतात ते सगळे. 'मालक, माझा हात मोडला' हे वाक्य फिरून 'मालक, हाताला जरा लागलंय' होऊन येतं, कारण आपल्या माणसाला वाईट गोष्ट सरळ सांगताच येत नाही. मेलेल्याला सिरियस आहे म्हणायचं आणि सुरतेहून माणसं बोलावून घ्यायची, ही आपली रीत. माझा या रीतीवर फार राग आहे. वॉर्डात मी मेलेल्याला मेला असंच सांगत आले.

हे एवढं सगळं सांगते आहे ते माझा स्वभाव कळावा म्हणून. माझ्या वडिलांनी धम्म घेतल्यावर भुतंखेतं, अंगात येणं, उतारे, सगळं दाराबाहेर ठेवलं होतं. ते मी पुन्हा कधी आत घेतलं नाही. रात्रपाळीत मुडद्यांच्या खोलीशेजारी डबा खाल्लेली बाई आहे मी. तरीही पुढं सांगते ते घडलं तेव्हा मी घाबरले होते, हे लिहून ठेवते.

थंडी सुरू झाली होती. दुपारच्या वर्गाला एक बाई आली, राजूरजवळच्या गावातली. राधा. डोक्यावर पदर, पायात रबरी चपला, वय तिशीच्या आतबाहेर. नाव घालायला आलेल्यांना मी विचारते, कुठं निघालात, दुबई का सौदी. ती म्हणाली, "मला कुठंबी जायाचं न्हाई. मला फकस्त ऐकाया शिकायचंय." आणि तिनं मोबाईल टेबलावर ठेवला.

तिचा नवरा सोपान. धनगराचं घर, सासऱ्यांच्या हयातीपर्यंत दारात मेंढरं होती. चराई उरली नाही म्हणून ती विकली, आणि सोपान ड्रायव्हरच्या व्हिसावर सौदीला गेला. तिथं उतरल्यावर त्याला गाडीऐवजी वाळवंटात मेंढ्यांमागे धाडलं. असं फार जणांचं होतं. बाकीचे रडतात, हा हसला म्हणे. घरी फोन करून म्हणाला, ज्या विकून आलो त्याच पुढं उभ्या राहिल्या. मालक म्हातारा होता, अबू फहद, माणूस बरा होता. एकदा सोपाननं फोनवरून आपल्या बापाला कळपाची हाक द्यायला लावली. राजूरकडच्या म्हाताऱ्याची हाक फोनच्या भोंग्यातून ऐकून अरबी मेंढ्या माना वळवून धावत आल्या, आणि अबू फहद खोकला येईपर्यंत हसला.

मग तिकडे धुळीचं वादळ झालं, आणि त्या दिवसापासून सोपानचा फोन बंद. एजंट म्हणाला, पळून गेला. भावकी म्हणाली, दुसरी केली असेल. कुणी देवऋषी म्हणाला, बांधून ठेवलाय. मोठ्या जावेनं तर बांगड्यांचा विषय काढला. आणि काही आठवड्यांनी सोपानच्याच नंबरवरून आवाजी मेसेज यायला लागले. बोलणारा सोपान नव्हता. कुणीतरी म्हातारा, अरबीत. गावातल्या कुणाला कळेना. भोकरदनला एका मौलानांकडे नेलं, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आम्ही वाचतो ती ही भाषा नव्हे.

मी म्हटलं, दे, मी सांगते काय म्हणतोय ते. ती म्हणाली, "सांगा, पर मला शिकवाबी. जेवढी तोंडं तेवढ्या बातम्या झाल्यात मॅडम. जो तिथं हाय त्याच्याच तोंडून मला ऐकायचंय. मधी कुणी नको."

मी मेसेज ऐकला. आवाज अबू फहदचा, नाव त्यानंच आधी सांगितलं. जाड, संथ, वाळवंटातली बोली. माझ्या वॉर्डात असे म्हातारे क्वचित यायचे, आणि आले तरी बोलायचे नाहीत. मला निम्मं कळलं. जे कळलं ते मी तिला सरळ सांगितलं. वादळात सोपान कळपाबरोबर होता, त्याचा फोन तंबूत राहिला होता. कळप आपोआप परत आला. सोपान आला नाही. पोलिसांनी शोधलं आणि शेवटी पळून गेल्याची नोंद केली. तिनं विचारलं, मेला असं म्हणतो का. मी म्हटलं, तसं म्हणत नाही. "मंग शिकवा," ती म्हणाली आणि गोलात जाऊन जुबेरच्या शेजारी बसली.

जुबेर पहिल्या दिवशी खुर्ची सरकवून बसला, दुसऱ्या दिवशी विसरला. तो दखनी बोलायचा, ती तिची मराठी, आणि 'बराबर', 'बिलकुल', 'जल्दी' एवढ्या सामाईक शब्दांवर दोघांचं उत्तम चालायचं. अरबीतले घशाच्या तळातून काढायचे आवाज शिकवताना मी इतर मुलांपुढे महिना महिना घसा फोडते. राधाला ते पहिल्या दिवशी आले. मी विचारलं कसं काय, तर म्हणाली, आमच्याकडं लेकरू आधी मेंढरं बोलवाया शिकतं, मंग बोलाया. जुबेरला तिचा हेवा वाटल्याचं त्यानं कबूल केलं.

एका दुपारी वर्ग चालू असतानाच नवा मेसेज आला. तिनं सर्वांसमोर लावला, कारण एव्हाना तो म्हातारा आमच्या सगळ्यांचा झाला होता. आमच्यातला प्रत्येक जण त्याचं काही ना काही समजायला शिकला होता. जुबेरला देवाधर्माचे शब्द लगेच कळत, बिहारी पोरांना शिव्या, मला दुखण्याखुपण्याचं. त्यानं आधी सलाम केला, मग म्हणाला, "इस्मऊ." ऐका.

आणि तो गप्प झाला. नुसता वारा. मला वाटलं संपलं, मी बंद करायला हात पुढे केला, तर रोहिदासनं आपला हात आडवा धरला. मान एका बाजूला कलती करून तो ऐकत होता. मलाही मग ऐकू आलं. फार लांबून, वाऱ्याच्या आडून. आधी घशात घोळवलेला एक खरखरीत आवाज, मग वर वर चढत गेलेला लांबलचक 'येऽऽ होऽऽ', आणि शेवटी जीभ टाळ्याला लावून काढलेले चटके.

"मॅडम," रोहिदास हळूच म्हणाला, "मागून कुणीतरी जनावरं बोलवून राह्यलं."

राधा उभी राहिली होती. तिचा चेहरा मी शब्दांत मांडू शकत नाही, आणि मांडायचाही नाही. "ही आमच्या घरची हाक हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची न्हाई. ह्यांची हाय."

मेसेज अजून चालूच होता. अबू फहद पुन्हा बोलायला लागला होता, आवाज खाली आणून. माझी मुलं माझ्याजवळ बसली आहेत, तो म्हणाला. गडी इथंच आहेत. मग माझ्या मेंढ्यांना कोण बोलावतंय?

वर्गात आनंद झाला. सोपान जिवंत आहे, कुठंतरी जवळच आहे, हाक मारतोय. रोहिदास खाली जाऊन जिलबी घेऊन आला. जुबेरनं दुआ मागितली. जिलबी मीही हातात घेतली आणि कागदात तशीच ठेवली. पाण्यावाचून माणूस वाळवंटात किती टिकतो हे मी पाहिलेलं आहे. वादळ होऊन कित्येक आठवडे झाले होते. सगळे गेल्यावर मी राधाला थांबवून तसं सांगितलं, कारण न सांगणं माझ्या स्वभावात नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हाक कोण मारून राह्यलं, मॅडम?"

  त्या संध्याकाळी जिना उतरताना मी दिवा बंद न करताच उतरले.

आम्ही उत्तर तयार केलं. जिथून आवाज येतो तिकडं जा, तिथं बघा. साखळीत ते वाक्य फिरवून फिरवून घासलं, आणि राधानं स्वतःच्या आवाजात पाठवलं. तिच्या अरबीवर तिथलं कुणी हसलं असेल तर असो. दोन दिवसांनी अबू फहदचं उत्तर आलं. आम्ही जाऊन आलो, तो म्हणाला. उजेडात गेलो, गाडी घेऊन गेलो. तिथं माणूस नाही, विहीर नाही, झाड नाही, वाळूच. पण रोज दुपार कलली की हाक येते आणि कळप तिथं जाऊन उभा राहतो. आधी रात्री परतायचा, आता हाकललं तरी हलत नाही. पाण्यावर येत नाही, नेलेल्या पाण्याला तोंड लावत नाही. माझी मुलं त्या वेळी आता तिकडे पाऊल टाकत नाहीत. मी अल्लाशिवाय कुणाला भीत नाही, पण बाई, मीसुद्धा लांब उभा राहतो. तुमच्याकडच्या त्या म्हाताऱ्यानं एकदा फोनवरून हाक दिली होती. त्यांना म्हणावं, माझा कळप मला परत बोलावून द्या.

मागणी साधी होती. राधाचे सासरे, गाव त्यांना तात्या म्हणतं, एसटीनं वर्गात आले. उंच, वाकलेले, एका कानानं कमी ऐकू येणारे, हातात काठी. त्यांना मी तो मेसेज ऐकवला. लेकाची हाक त्यांनी चांगला कान फोनला चिकटवून ऐकली आणि पुन्हा लावायला सांगितली. मग अबू फहदची विनंती सांगितली, तर त्यांनी सरळ नाही म्हटलं.

त्यांच्या घराची एक रीत होती. एका कळपाला एक हाक. कळप ज्याच्या हाकेवर आहे तो जिता आहे तोवर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, बापानंही नाही. तो मेला म्हणजे मग घरातला वडीलधारा हाक देतो आणि कळप आपल्याकडे घेतो. पूर्वी मजेनं फोनवरून हाक दिली होती तेव्हा सोपान स्वतः कळपाजवळ उभा होता, त्यानंच सांगितलं होतं, ते वेगळं. "आता त्याची हाक चालू हाय," तात्या म्हणाले. "मी वरून हाक दिली तर माझ्या पोराला म्या माझ्या तोंडानं मेला म्हणल्यासारखं व्हतंय, बाई."

मी आतल्या आत चिडले. मेंढ्या तहानेनं मरतायत आणि हे रीत सांगतायत. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. त्यांना एसटीला पोचवून रोहिदास परत आला. राधा गोलात बसून होती, खाली मान घालून. त्या दिवशी कुणी शिकलं नाही.

पुढचे काही दिवस ती आलीच नाही. मग एक दिवस आली ती सासऱ्यांना घेऊनच. वाटेत एसटीत तिला मेसेज आला होता आणि तो तिनं एकटीनं ऐकला होता. आम्हाला दाखवायला तिनं फोन काढलासुद्धा नाही. तिनंच आम्हाला सांगितलं, म्हातारा म्हणतो की कोकरं मरून राह्यलीत, मोठ्यांना उभं राहवत न्हाई, गुडघ्यावर बसल्यात पर जागा सोडत न्हाईत. नंतर मी तो मेसेज ऐकला. तिनं सांगितलं त्यात एका शब्दाचा फरक नव्हता. शिक्षकाला ज्या क्षणी बरं वाटायला हवं तो हा क्षण. मला बरं वाटलं नाही.

तात्या बाकावर बसले होते. ती त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जमिनीवर बसली.

"मामा," ती म्हणाली, "ह्यांनी कधी मेंढरू तहानलेलं ठिवलं व्हतं का?"

तात्यांनी मान हलवली. नाही.

"मंग हाक त्यांचीच असली तरी पानी पाजणं त्यांच्या हातात राह्यलं न्हाई, मामा. तुम्ही हाक द्या."

तात्या रडले. आवाज न करता, म्हातारी माणसं रडतात तसे, नाक गळतं तेवढंच. मग म्हणाले, लाव फोन.

तिथली दुपार कलते तेव्हा आपल्याकडे दिवेलागण असते. खाली दुकानदारानं अगरबत्ती लावली होती, तिचा वास वर येत होता. आम्ही नेहमीसारखे गोलात बसलो, कारण दुसरं कसं बसायचं हे आम्हाला माहीतच नव्हतं. तात्या मध्ये, फोन त्यांच्या हातात, भोंगा चालू. अबू फहद म्हणाला, मी एकटाच आलो आहे, आज जवळ आलो आहे, कळप समोर उभा आहे. जुबेरनं ते दखनीत केलं, रोहिदासनं मराठीत तात्यांच्या कानात घातलं. तात्यांनी विचारलं, हाक आली का. रोहिदासकडून जुबेरकडे, जुबेरकडून फोनमध्ये. म्हातारा म्हणाला, अजून नाही. थांबा.

आम्ही थांबलो. फोनमध्ये वारा होता. रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली आणि राहिली. मग ती आली. आता ती मेसेजमधली नव्हती, आत्ता तिथं कुणीतरी देत होतं. घशातली खरखर, मग तो चढत जाणारा लांब सूर.  एक बिहारी पोरगा उठून भिंतीला जाऊन टेकला. तात्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. ते मध्ये बोलले नाहीत. लेकाची हाक संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मगच तोंड उघडलं.

त्या म्हाताऱ्या छातीत एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं रस्त्यावर येऊन वर बघायला लागली. तात्यांची हाक संपते न संपते तोच पलीकडून पुन्हा ती दुसरी हाक आली, जरा जवळून.  तात्यांनी पुन्हा दिली, पहिलीपेक्षा मोठी. पलीकडून पुन्हा आली, पण आता अर्ध्यावर तुटली. तात्यांनी डोळे मिटले आणि शेवटची दिली. ती माडीच्या पत्र्यावर घुमली आणि मग पलीकडून काही आलं नाही. वारा तेवढा होता. आणि थोड्या वेळानं, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा खुरांचा आवाज.

अबू फहद ओरडत होता. जुबेर आनंदानं ओरडून सांगत होता, "आ रहे, आ रहे, सब आ रहे!" रोहिदासनं तात्यांच्या पाठीवर हात ठेवला. फोनमधून मेंढ्यांचं ओरडणं, धापा, खूर, सगळं आमच्या खोलीतून गेल्यासारखं गेलं.

पुढं कळलं ते इथंच सांगून टाकते, नंतर सांगायची माझी इच्छा नाही. सोपान त्या वादळाच्या दिवसापासून तिथंच होता, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. वाळूनं त्याला झाकून घेतलं होतं. एवढे आठवडे मेंढ्या रोज त्या जागेवर उभ्या राहून ती दाबत होत्या. त्या एकदम उधळल्या तेव्हा खुरांनी वाळू उकरली गेली. आम्ही ज्याची हाक ऐकली तो त्या आधीच गेलेला होता. ती कुणाची होती हे मला कुणी विचारू नये.

तर खूर लांब गेले, आणि अबू फहदचं ओरडणं थांबलं. त्याच्या चपलांचा वाळूत रुतण्याचा आवाज आला. तो थोडं चालला आणि थबकला. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो दोनच वाक्यं बोलला. "लगेतह. अल्ला यिरहमह."

सापडला मला. अल्ला त्याच्यावर दया करो.

जुबेरचं तोंड उघडं राहिलं. पुढं सांगायची पाळी त्याची होती. त्याला ती वाक्यं पुस्तकातल्याइतकी स्वच्छ कळली होती आणि ती त्याच्या तोंडातून बाहेर येईनात. रोहिदास त्याच्याकडे बघत होता, पण त्यालाही कोणी सांगायची गरज उरली नव्हती. गोलातल्या प्रत्येकाला कळलं होतं, आपापल्या भाषेत. तात्या एकटे या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत म्हणत होते, "काय म्हणला? अरं, काय म्हणला तो?" मी तीस वर्षं माणसं मेल्याचं सांगत आले. माझाही शब्द निघेना.

राधानं सासऱ्यांच्या हातातला फोन अलगद काढून घेतला. अबू फहद तिकडे रडत म्हणत होता, वाळूखाली होता, वादळातच गेला. तिनं त्याला अरबीत विचारलं, मेंढ्या पाणी प्यायल्या का. कुणाकडे न बघता, एकही शब्द न अडखळता. तो म्हणाला, हौदावर पोचल्या आहेत, मला इथून दिसतं आहे, पितायत. तिनं विचारलं, सगळ्या? तो म्हणाला, सगळ्या. ती म्हणाली, देव तुमचं भलं करो, चाचा, माझ्या नवऱ्याजवळ कुणाला तरी बसवा, मी पुन्हा फोन करते.

मग ती तात्यांच्या चांगल्या कानाशी वाकली.

"मामा, मेंढरं पानी प्यालीत," ती म्हणाली. "आन् हे सापडले. मेले हायेत, मामा. वादळातच गेल्ते."